रत्नागिरीचा थिबा राजवाडा: चोवीस वर्षं भाड्याच्या बंगल्यांत, सहा वर्षं इथे

रातांबा (धागाकर्ता)

रत्नागिरीला आलेला पाहुणा गणपतीपुळ्याला जातो, आरे-वारेच्या वळणावर गाडी थांबवून फोटो काढतो, पावसला स्वामींच्या मठात जाऊन येतो आणि परतताना वेळ उरलाच तर थिबा पॅलेसला पंधरा मिनिटं देतो. "ब्रह्मदेशच्या राजाला इंग्रजांनी इथे ठेवलं होतं" एवढं ऐकतो आणि निघतो. या वास्तूबद्दल मला बरेच दिवस लिहायचं होतं. परवा निवांत दुपार मिळाली, वाडा पुन्हा सावकाश फिरून पाहिला, म्हणून हा धागा.

वाडा शहराच्या कडेला, भाट्याच्या खाडीवरच्या सड्यावर आहे. दुरून पाहिलं की आधी उतरती छपरं दिसतात, मग जांभ्याचा तो तांबडा रंग. खिडक्या लाकडी, वरून अर्धगोल, त्यांवर कोरीव काम आणि रंगीत काचा. पहिल्या मजल्यावर संगमरवरी फरशीचं मोठं दालन आहे, त्याला नृत्यदालन म्हणतात. मागच्या बाजूला बुद्धाची मूर्ती आहे. तळमजल्यावर संग्रहालयाची दालनं आहेत, ती पाहता येतात. पण एवढ्या मोठ्या घराचा बराच भाग आजही रिकामा आहे. दारांना कुलपं, व्हरांड्यात आपल्याच चपलांचा आवाज, आणि खिडकीतून खाली खाडी, पलीकडे समुद्र.

या खिडक्यांपाशी मी फार वेळ उभा राहिलो, कारण समुद्र इथून इतका जवळ दिसतो. ज्या माणसाला या घरात ठेवलं त्याला परत जाण्याची वाटही समुद्रातूनच होती.

थोडक्यात इतिहास. थिबा हा ब्रह्मदेशच्या कोनबाउंग घराण्याचा शेवटचा राजा. जन्म १८५९चा, गादीवर आला १८७८ मध्ये, वडील मिंडॉन मिन वारल्यावर. नोव्हेंबर १८८५ मध्ये इंग्रज फौजा इरावतीतून बोटींनी वर चढल्या. पंधरा दिवसांत मंडाले पडलं. २९ नोव्हेंबरला थिबाने जनरल प्रेंडरगास्टपुढे शरणागती पत्करली आणि त्याच दिवशी त्याला राणी सुपयालत, धाकटी राणी आणि दोन लहान मुलींसह राजवाड्यातून बाहेर काढून बोटीवर चढवलं. राजा त्या वेळी सव्वीस वर्षांचा होता. १ जानेवारी १८८६ रोजी व्हाइसरॉय डफरिनने अख्खा उत्तर ब्रह्मदेश ब्रिटिश मुलखात सामील झाल्याचं जाहीर केलं. कुटुंबाला आधी मद्रासला ठेवलं, तिथे तिसरी मुलगी झाली. एप्रिल १८८६ मध्ये सगळ्यांना रत्नागिरीला आणलं. चौथी मुलगी इथेच जन्मली, १८८७ मध्ये.

आता ज्यासाठी हा धागा काढला ते. आपण ज्याला थिबा राजवाडा म्हणतो तो बांधून झाला १९१० मध्ये. कुटुंब त्यात राहायला आलं नोव्हेंबर १९१० मध्ये. म्हणजे रत्नागिरीतली पहिली चोवीस वर्षं ही सगळी माणसं बंगल्यांत दाटीवाटीने राहत होती, राजा सरकारकडे मोठ्या घरासाठी अर्जावर अर्ज करत होता. घर मिळालं तेव्हा तो पन्नाशी ओलांडून गेला होता. १९१२ मध्ये धाकटी राणी गेली. डिसेंबर १९१६ मध्ये थिबा स्वतः गेला. १९१९ मध्ये राणी आणि मुली ब्रह्मदेशात परतल्या आणि वाडा रिकामा झाला. पुढे सरकारी वापर झाला, काही काळ तंत्रनिकेतनाचे वर्ग इथे भरले, मग पडझड, मग दुरुस्त्या.

एवढ्या मोठ्या वास्तूत ज्यांच्यासाठी ती बांधली ते लोक नऊ वर्षंही राहिले नाहीत. तिथे जाणाऱ्याला हे कळावं असं मला मनापासून वाटतं. नाहीतर आपण खिडक्यांची नक्षी पाहून "काय थाट होता राजाचा" म्हणत बाहेर पडतो. मीही शाळेच्या सहलीत हेच ऐकलं होतं.

फोटो पुढच्या प्रतिसादांत टाकतो. रत्नागिरीकरांनी आपल्या घरातल्या आठवणी जरूर लिहाव्यात.

---

सुरंगी

छान लिहिलंस. माझं माहेर रत्नागिरीचं, म्हणून राहवत नाही.

आमच्या लहानपणी 'थिबाचा वाडा' म्हणजे आंब्याच्या झाडांमागची एक मोठी ओसाड वास्तू. आत जायला मोठी माणसं बंदी करायची, कारण लाकूड कुजलेलं. पण थिबाबद्दल घरात कधी परक्यासारखं बोललेलं आठवत नाही. आजी "आपला थिबा राजा" म्हणायची. राजा दिलदार होता, हातात पैसा आला की राहत नसे, हे गावात सगळ्यांच्या तोंडी. दागिने एकेक करून सावकाराकडे गेले हेही सगळ्यांना माहीत.

पण माझ्या दृष्टीने या वाड्याची खरी गोष्ट थोरल्या राजकन्येची आहे. ती तुझ्या लेखात नाही. उद्या सविस्तर लिहिते, आता स्वयंपाकाची वेळ झाली.

---

चौकस_वाचक

लेख आवडला, पण दोन शंका.

एक, इतक्या लांबून आणून रत्नागिरीच का? मद्रासला काय अडचण होती?

दोन, थिबाबद्दल इतकी हळहळ मला थोडी जास्त वाटते. गादीवर आल्यावर १८७९ मध्ये त्याच्या दरबारात ऐंशीच्या आसपास राजपुत्र, राजकन्या आणि नातेवाईकांची कत्तल झाली, हे इतिहासात नोंदलेलं आहे. इकडे त्याला तनखा होता, नोकरचाकर होते, नवं घर बांधून मिळालं. त्याच काळात आपले क्रांतिकारक अंदमानात कोलू फिरवत होते. याला कैद म्हणायचं का?

---

मिऱ्याबंदर

पहिल्या प्रश्नाचं उत्तर मी देतो, कारण आमचं घराणं बंदरावरचं.

रत्नागिरीला तेव्हा यायचं तर बोटीने. रेल्वे नाही. घाटावर जायचं तर आंबा घाटातून बैलगाडी, आणि कोल्हापूरला रेल्वे आली तीही १८९१ मध्ये. जून लागला की आगबोटी बंद, त्या थेट नारळी पौर्णिमेनंतर सुरू. म्हणजे वर्षाचे तीन महिने बाहेरच्या जगाशी संबंध जवळजवळ तुटलेला. ज्याच्या नावाने मागे ब्रह्मदेशात बंडं चालू आहेत अशा राजाला ठेवायला सरकारला याहून बरी जागा कुठली? मद्रास हे मोठं बंदर, तिथून रंगूनला बोटी जात-येत. माणसं, पत्रं, बातम्या सगळं पोचलं असतं.

हीच अडचण पुढेही सरकारच्या उपयोगाला आली. सावरकरांना १९२४ ते १९३७ रत्नागिरी जिल्ह्यात स्थानबद्ध ठेवलं ते याच हिशोबाने. कोकण रेल्वे पूर्ण सुरू झाली १९९८ मध्ये. तोवर रत्नागिरी किती आडबाजूला होतं हे आमच्या पिढीला वेगळं सांगायला नको. थिबाला ती आडबाजू तीस वर्षं सोसावी लागली.

---

रातांबा

@चौकस_वाचक, १८७९ची कत्तल खरी आहे आणि ती लपवण्याचं कारण नाही. त्यात थिबाचा स्वतःचा वाटा किती आणि त्याच्या सासूचा व दरबारातल्या मंत्र्यांचा किती, यावर इतिहासकार वाद घालतात. सत्ता सासूच्या आणि राणीच्या हाती जास्त होती असं बहुतेकांचं मत. पण ते त्याच्या राज्यात घडलं आणि त्याची जबाबदारी त्याच्यावर येतेच.

मात्र इंग्रज त्या कत्तलीचा न्याय करायला मंडालेला गेले नव्हते. त्या घटनेनंतर सहा वर्षं ते स्वस्थ होते. युद्धाचं निमित्त झालं सागाचं लाकूड. बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशन, नावातच मुंबई आहे, १८६३ मध्ये स्थापन झालेली कंपनी, ब्रह्मदेशच्या राजाच्या जंगलातून साग तोडत होती. जेवढे ओंडके नेले त्याहून फार कमी दाखवून राजाचे पैसे बुडवले, असा आरोप ठेवून थिबाच्या दरबाराने १८८५ मध्ये कंपनीला सुमारे २३ लाख रुपये दंड केला. शिवाय थिबा फ्रेंचांशी बोलणी करत होता, त्याची लंडनला धास्ती होती. ऑक्टोबरमध्ये निर्वाणीचा खलिता गेला आणि नोव्हेंबरमध्ये फौजा. मुंबईत नोंदलेल्या कंपनीच्या लाकडावरून पेटलेल्या युद्धाचा पराभूत राजा मुंबई इलाख्यातच आणून ठेवला गेला.

आणि कैदेबद्दल. त्याच्या दाराशी पोलिसांचा पहारा असे. कुठे जायचं, कोणाला भेटायचं, यासाठी इंग्रज अधिकाऱ्याची परवानगी लागे. तनखा सरकार ठरवणार, कमी-जास्त सरकार करणार. मुली वयात आल्या, तिशीला पोचल्या, पण त्यांची लग्नं जुळवायची तर राजघराण्यातला बर्मी वर पाहिजे आणि तो रत्नागिरीत कुठून आणणार? त्या चार मुलींनी कसला गुन्हा केला होता? दोन तर बंदिवासातच जन्मल्या. कोलूच्या यातनेशी याची तुलना मी करणार नाही, पण ती कैद नव्हती हेही मला मान्य नाही.

---

चौकस_वाचक

मुलींचा मुद्दा पटला. राजाबद्दल माझं मत तेच राहील. लाकडाची गोष्ट माहीत नव्हती, तिच्याबद्दल आभार.

---

टिळकआळी

अजून कोणी हे लिहिलं नाही याचं आश्चर्य वाटलं, म्हणून लॉगिन केलं.

लोकमान्यांचा जन्म रत्नागिरीचा, १८५६चा. टिळक आळीतलं ते घर आजही जपलेलं आहे, तिथून थिबा राजवाडा रिक्षाने अगदी जवळ. १९०८ मध्ये राजद्रोहाच्या खटल्यात सहा वर्षांची शिक्षा झाली आणि त्यांना पाठवलं मंडालेला. मंडालेचा तुरुंग जुन्या किल्ल्याच्या आत होता, म्हणजे ज्या तटबंदीतून थिबाला बाहेर काढलं त्याच तटबंदीत.

आता तारखा पाहा. टिळकांनी 'गीतारहस्य' तिथे लिहायला घेतलं नोव्हेंबर १९१० मध्ये आणि मार्च १९११च्या अखेरीस पुरं केलं. नोव्हेंबर १९१० मध्येच थिबा या वाड्यात राहायला आला. मंडालेचा राजा रत्नागिरीत नव्या घराचा उंबरठा ओलांडतो आहे आणि त्याच महिन्यात रत्नागिरीचा मुलगा मंडालेत लाकडी कोठडीत बसून पेन्सिलीने लिहितो आहे. टिळक सुटले जून १९१४ मध्ये. थिबा सुटला नाही.

मी दरवर्षी भाच्यांना घेऊन आधी टिळकांचं घर दाखवतो आणि मग लगेच इथे आणतो. दोन्ही एका दिवशी पाहिलं की मुलं प्रश्न विचारायला लागतात, साम्राज्य म्हणजे काय, एका माणसाला उचलून दोन हजार मैलांवर कसं टाकता येतं. रत्नागिरीच्या प्रत्येक शाळेने हे दोन थांबे एकत्र ठेवावेत.

---

सुरंगी

काय तारीख काढलीत! अंगावर काटा आला.

आता थोरलीबद्दल लिहिते.

थोरली राजकन्या, म्यात फया जी, जन्म मंडालेचा, १८८०. रत्नागिरीला आली तेव्हा पाच-सहा वर्षांची. वाड्याचा, म्हणजे तेव्हाच्या बंगल्याचा, एक नोकर होता गोपाळ सावंत. आधीच लग्न झालेला. त्याच्यापासून तिला १९०६ मध्ये मुलगी झाली. राजा-राणीवर, नोकरांवर, सरकारवर, सगळ्यांवरच हा आघात होता. पण एक गोष्ट मला नेहमी मोठी वाटते. ती मुलगी आजी-आजोबांच्या घरातच वाढली, टाकून दिली नाही. तिचं नाव टुटू, आणि गावात बाईसू.

१९१९ मध्ये सगळे परत गेले तेव्हा थोरलीही लेकीला घेऊन गेली. पण ती तिकडे रमली नाही. थोड्याच दिवसांत मायलेकी रत्नागिरीला परत आल्या. ज्या गावात तिच्या बापाला डांबलं होतं त्याच गावात ती स्वतःच्या पायांनी आली आणि १९४७ मध्ये मरेपर्यंत इथेच राहिली, गरिबीत. टुटूचं लग्न रत्नागिरीतल्याच एका मेकॅनिकशी झालं, मुलंबाळं झाली. तिने गोवऱ्या थापल्या, कागदाची फुलं करून विकली. बर्मी भाषा विसरली होती, बोलायची ती आपली मराठी. २००० मध्ये गेली. राजाची नात कोण हे गावात सगळ्यांना ठाऊक होतं आणि ती नळावर पाणी भरायला येते यातही कोणाला नवल उरलं नव्हतं.

टुटूच्या घरच्या मंडळींबद्दल मी काही लिहिणार नाही, इतरांनीही लिहू नये. साधी कष्टाची माणसं आहेत, त्यांना त्रास नको.

---

लाटेवरची

सुरंगीताई, हे वाचून डोळ्यांत पाणी आलं. किती सुंदर प्रेमकथा! राजकन्या आणि साधा माणूस.

---

सुरंगी

अगं, प्रेमकथा म्हणू नकोस असं मला कळकळीने वाटतं. सावंताची पहिली बायको होती, घर होतं, तिचं काय झालं असेल याचा विचार कर. आणि राजकन्येला निवड कुठे होती? पंचविशी उलटलेली बाई, जिला घराबाहेर चार माणसं भेटत नाहीत, जिच्या लग्नाचा विचार सरकारी फायलींत अडकलेला. तिला सावंताबद्दल माया होती यात मला शंका नाही, नाहीतर परत आली नसती. पण ती माया त्या कोंडलेल्या घरात जन्मली, हे आपण विसरलो तर तिच्यावर अन्याय होतो.

---

रातांबा

सुरंगीताई, तुमच्या म्हणण्याला दुसऱ्या मुलीची गोष्ट जोडतो. दुसरी राजकन्या, म्यात फया लात. तिने राजाच्या पूर्वीच्या खाजगी चिटणिसाशी, खिन माउंग जीशी लग्न करायचं ठरवलं. तो बर्मी होता, पण राजघराण्यातला नाही. आईबापांनी नकार दिला. १९१६च्या अखेरीस ती घर सोडून एका इंग्रज अधिकाऱ्याच्या घरी आश्रयाला गेली. राजाने तिला आणायला मोटार पाठवली, ती रिकामी परत आली आणि तो धक्का त्याला सोसवला नाही, असं सांगतात. नंतर ती दोघं कालिंपोंगला स्थायिक झाली. १९५६ मध्ये ती तिथेच वारली.

गेलात तर वाड्यासमोरच्या मोकळ्या जागेत उभं राहून हे जरूर आठवा. ती मोटार याच दारात येऊन थांबली होती.

---

इरावतीकाठी

नोकरीनिमित्त यांगूनमध्ये, म्हणजे पूर्वीच्या रंगूनमध्ये, काही वर्षं काढली, म्हणून तिकडची बाजू.

श्वेडगॉन पॅगोड्याजवळ राणी सुपयालतची समाधी आहे. १९१९ मध्ये परतल्यावर तिला मंडालेला जाऊ दिलं नाही, रंगूनमध्येच राहावं लागलं, १९२५ मध्ये वारली. म्हणजे नवरा रत्नागिरीत आणि ती यांगूनमध्ये. त्याच शहरात थोड्या अंतरावर बहादूरशाह जफरचा दर्गा आहे. दिल्लीच्या बादशहाला १८५८ मध्ये इकडे आणलं, १८६२ मध्ये तो वारला आणि कबर मुद्दाम सपाट करून टाकली, ती पुन्हा सापडली १९९१ मध्ये. एका राजाला पूर्वेकडे, दुसऱ्याला पश्चिमेकडे. तिथे भारतातून येणारे नेते जफरच्या कबरीवर फुलं वाहतात आणि म्यानमारचे नेते रत्नागिरीला येऊन थिबाच्या समाधीवर. डिसेंबर २०१२ मध्ये तिथले राष्ट्राध्यक्ष थेन सेन रत्नागिरीला आले होते. डिसेंबर २०१६ मध्ये शंभराव्या पुण्यतिथीला तर राजघराण्यातले वंशज, उपराष्ट्राध्यक्ष आणि लष्करप्रमुख असे सगळे आले.

मंडालेचा मूळ राजवाडा सागाचा होता. मार्च १९४५ मध्ये महायुद्धातल्या बॉम्बहल्ल्यात तो जळून गेला. आज तिथे दिसतो तो १९९०च्या दशकात नव्याने बांधलेला. जुन्या राजवाड्याचा एकच मोठा भाग वाचला, श्वेनानडॉ विहार, आणि तो वाचण्याला कारण थिबाच. मिंडॉन राजा ज्या दालनात वारला तिथे थिबाला बापाचा आत्मा वावरतो असं वाटे. त्याने ते अख्खं दालन सुटं करून तटाबाहेर हलवायला लावलं आणि विहाराला दिलं. तटाच्या आतलं सगळं जळलं, बाहेर नेलेलं राहिलं. त्यावरचं कोरीव काम पाहून मग रत्नागिरीच्या खिडक्या पाहाव्यात. तिथली समृद्धी इथे नाही, पण छपरांची उतरण आणि लाकडावरची नक्षी आठवण करून देते.

तिथे लोक मला विचारत, "तुम्ही रत्नागिरीचे?" मी साताऱ्याची. पण महाराष्ट्र म्हटलं की त्यांना मुंबईनंतर माहीत असलेलं नाव रत्नागिरी.

---

वास्तुवेडी

वाड्याच्या इमारतीबद्दल थोडं, कारण जुन्या घरांची दुरुस्ती हे माझं काम.

जांभा खाणीतून काढताना मऊ असतो, कुऱ्हाडीने तासता येतो, हवा लागली की घट्ट होतो. म्हणून कोकणात घर, गडगा, विहीर सगळं त्याचंच. पण तो सच्छिद्र आहे, पाणी पितो. अशा भिंतीला चुन्याचा गिलावा हवा, कारण चुना आतला ओलावा बाहेर सोडतो. सिमेंट फासलं की पाणी आत अडकतं, भिंत आतून भुसभुशीत होते, मीठ बाहेर येतं, रंगाचे पापुद्रे सुटतात. रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, वर समुद्राचा खारा वारा. छपराचं एक कौल सरकलं आणि एक पावसाळा कोणी लक्ष दिलं नाही की खालचा वासा गेलाच.

रिकाम्या घराचं सगळ्यात मोठं दुखणं म्हणजे बंद खिडक्या. राहतं घर रोज उघडतं, चुलीची ऊब असते, वारा खेळतो. कुलपातल्या खोलीत ओल साठते, बुरशी येते, वाळवी येते. म्हणून माझं ठाम मत आहे की अशी वास्तू वापरात हवी. थिबा राजवाड्याच्या आवारात जानेवारीत संगीत महोत्सव होतो, त्याला मी आवर्जून जाते. पाठीमागे ती अर्धगोल खिडक्यांची रांग, समोर गाणं. हजारो लोक त्या निमित्ताने वाड्यात पाऊल टाकतात. वर्षभर वरच्या काही दालनांत अभ्यासिका, जिल्ह्याचं दप्तर, छोटी व्याख्यानं असं काही चालू राहिलं तर वाडा टिकेल.

---

मिऱ्याबंदर

दालनं वापरात आणायला हरकत नाही, पण हॉटेल नको. "हेरिटेज रिसॉर्ट करा" असं कोणीतरी अधूनमधून बोलतं. ज्या घरात माणसं कोंडली होती तिथे खोल्या भाड्याने देणं मला बघवणार नाही.

---

वास्तुवेडी

पूर्ण सहमत. राज्य संरक्षित स्मारक आहे, तसंच राहावं.

---

अनाहूत_पाहुणा

पुढच्या महिन्यात कुटुंबासह येतोय. दोन प्रश्न: समाधी वाड्यातच आहे का? आणि तिथे भुताटकी आहे असं ऐकलं, मुलांना नेणं बरं का?

---

रातांबा

मुलांना बिनधास्त न्या. बंद पडलेल्या प्रत्येक मोठ्या घराला लोक भूत चिकटवतात. रत्नागिरीत तीस वर्षं या कुटुंबाचं जे झालं ते सरकारी कागदांत आहे, तारखांसकट, आणि मुलांना सांगण्यासारखं तेच आहे.

समाधी वाड्यात नाही, शहरात शिवाजीनगर भागात आहे. रिक्षावाल्याला "थिबाची समाधी" म्हटलं की नेतो. तिथे दोन समाध्या, राजाची आणि धाकट्या राणीची. त्यांची गोष्ट मला वाड्याहूनही जास्त अस्वस्थ करते. थिबा वारला तेव्हा राणीने दफन करू दिलं नाही. शवपेटी ब्रह्मदेशात न्यायची, तिथे रीतीप्रमाणे संस्कार करायचे, हा तिचा हट्ट होता. सरकारला भीती की राजाचं शव मंडालेला गेलं तर तिथे लोक गोळा होतील. म्हणून पेटी दोन वर्षं तशीच राहिली. शेवटी १९१९ मध्ये, कुटुंब परत जाण्याआधी, सरकारने राजाची आणि धाकट्या राणीची शवं इथेच समाधीत ठेवून दिली. राणी रिकाम्या हातांनी बोटीवर चढली. जिवंत राजाची भीती एक वेळ समजते, मेलेल्या राजाचीही साम्राज्याला एवढी भीती होती.

म्यानमारमध्ये आजही मधूनमधून मागणी होते की राजाचे अवशेष परत आणावेत. माझ्या मते ते जायला हवेत. रत्नागिरीने त्याला माया दिली हे खरं, रस्त्याला, टोकाला, वस्तीला त्याचं नाव आहे. पण तो इथे स्वतःच्या इच्छेने आला नव्हता.

---

टिळकआळी

अवशेष परत जाण्याबद्दल माझं मन द्विधा आहे. टुटूच्या बाजूने पाहिलं तर त्याची माणसं इथेही आहेत. थोरल्या राजकन्येने परत यायचं ठरवलं तेव्हा तिने बापाची समाधी असलेलं गाव निवडलं, असंही म्हणता येईल.

---

सुरंगी

तिने लेकीच्या बापाचं गाव निवडलं असेल, कुणास ठाऊक. पण निर्णय व्हायचा तर तो आपण किंवा दोन सरकारांनी परस्पर घेऊ नये. आधी तिकडच्या आणि इकडच्या वंशजांना विचारावं. त्या कुटुंबाच्या बाबतीत शंभर वर्षांत ही एकच गोष्ट कोणी केली नाही.

---

रातांबा

सुरंगीताई, मान्य. विचारायला हवं.

@अनाहूत_पाहुणा, रेल्वेने येणार असाल तर स्टेशन कुवारबावला आहे, शहराबाहेर, तिथून रिक्षा किंवा एसटी. सकाळी टिळकांचं घर, मग समाधी, दुपारी वाडा, आणि संध्याकाळी वाड्याजवळचा थिबा पॉइंट. तिथून काजळी नदी खाडीला मिळून समुद्रात जाते ते दिसतं. निघण्याआधी संग्रहालय त्या दिवशी उघडं आहे का याची चौकशी करा, सुट्टीच्या वारी लोक हेलपाटा मारतात. पावसाळ्यात आलात तर शेवाळलेल्या पायऱ्यांवर जपून. नृत्यदालनात जाऊ देत असतील तर आधी तिथे जा, दुपारचं ऊन रंगीत काचांतून फरशीवर येतं तेव्हा.